ब्लू-रे आली, पण डीव्हीडी गेली नाही

गेल्या दिवाळीत सांगलीला बहिणीकडे माळा काढला. पितळी डब्यांच्या मागे बुटाचं एक मोठं खोकं निघालं आणि त्यात साठ-सत्तर डीव्हीडी नि व्हीसीडी. सिनेमे, नाटकं, भाच्याची मुंज. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. एक डिस्क बोटात अडकवून फिरवत त्याने विचारलं, "मामा, हिच्या पाचपट भारी डिस्क तेव्हाच आल्या होत्या ना? मग तुम्ही सगळे हीच जुनी का घेत बसलात?"

तेव्हा मी त्याला जे सांगितलं ते अर्धवट होतं. म्हणून इथे नीट लिहितो.

२००६ साली सिनेमांच्या हाय-डेफिनिशन, म्हणजे जास्त बारकावे दाखवणाऱ्या डिस्क बाजारात आल्या (ब्लू-रे ही त्यातलीच एक), तेव्हा जवळपास सगळ्यांचा अंदाज एकच होता. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आली आणि दहा वर्षांत तिने व्हिडिओ कॅसेटला घालवलं. आता हीच गत डीव्हीडीची होणार. मलाही तसंच वाटत होतं. पण डीव्हीडी जागची हलली नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत बाजारातसुद्धा पुढे वर्षानुवर्षं ब्लू-रेपेक्षा डीव्हीडीच जास्त खपल्या. शेवटी दोघींनाही मागे टाकलं ते इंटरनेटने. हे असं का झालं ते कळायला दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे डिस्कच्या पोटात काय असतं, आणि दुसरी म्हणजे तुमचा सोफा टीव्हीपासून किती लांब आहे. दुसरी जास्त महत्त्वाची आहे, पण पहिलीशिवाय ती समजत नाही.

डीव्हीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की तिच्यावर सप्तरंग सरकतात. तो रंग कुणी लावलेला नसतो. डिस्कवर एक सलग रेघ असते, मधून सुरू होऊन बाहेर वाढत जाणारी, सोऱ्यातून पाडलेल्या चकलीसारखी. या चकलीचे वेढे एकमेकांना इतके खेटून असतात की त्यांच्यावर पडलेला उजेड फुटतो आणि रंग दिसतात. डीव्हीडीच्या दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर एका केसाच्या जाडीत नव्वदेक वेढे बसतात. या रेघेत बारीक बारीक खळगे असतात, काही आखूड, काही लांब. खालून लेसरचा किरण पडतो आणि खळग्याची कड आली की परत येणारा उजेड बदलतो. कड आली तर एक, नाही तर शून्य. सगळा सिनेमा, त्यातलं गाणं, खालची अक्षरं, सगळं या एक-शून्याच्या माळेत ओवलेलं असतं.

आता याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवर जास्त माल बसवायचा तर काय करायचं? आमची आजी पोस्टकार्डावर करायची तेच. पत्र मोठं असलं की ती अक्षर बारीक करायची, ओळी जवळ आणायची, समासातही लिहायची. कार्ड तेवढंच, मजकूर दुप्पट. डिस्कचंही तसंच, खळगे लहान करायचे आणि वेढे जवळ आणायचे. पण बारीक लिहायला टाकही बारीक लागतो. डीव्हीडीचा लेसर लाल असतो, त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. या जाड टाकाने यापेक्षा बारीक अक्षर येत नाही. निळ्या-जांभळ्या उजेडाची तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर, म्हणजे टाक एकदम बारीक.

अडचण ही होती की निळा उजेड देणारा छोटा, टिकाऊ दिवाच कुणाला बनवता येत नव्हता. लाल आणि हिरव्या एलईडी किती तरी आधी आल्या. निळीसाठी गॅलियम नायट्राइड नावाच्या हट्टी पदार्थाचे चांगले स्फटिक हवे होते आणि ते वाढवण्यात माणसांची उमेदीची वर्षं गेली. जपानमध्ये इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो त्यावर काम करत होते. निचिया नावाच्या कंपनीत शुजी नाकामुरा एकटे झुंजत होते. १९९३ मध्ये निचियाची झगझगीत निळी एलईडी आली आणि नव्वदच्याच दशकात निळा-जांभळा लेसरही. या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते निळ्या एलईडीसाठी. तुमच्या घरातला पांढरा एलईडी बल्ब आणि ब्लू-रे डिस्क ही एकाच संशोधनाची लेकरं आहेत. मला हे फार आवडतं, म्हणून विषय थोडा सोडून सांगितलं.

ठिपका किती बारीक पडेल हे उजेडाच्या तरंगलांबीवर आणि भिंगाच्या ताकदीवर ठरतं. भिंगाची ताकद एका आकड्यात मोजतात. डीव्हीडीसाठी तो ०.६ आहे आणि ब्लू-रेसाठी ०.८५. तरंगलांबीला या आकड्याने भागा. डीव्हीडीचं उत्तर साधारण १०८३ येतं, ब्लू-रेचं ४७६. म्हणजे ब्लू-रेचा ठिपका सव्वादोन पटीने बारीक. खळगे लांबीतही लहान होतात आणि वेढेही जवळ येतात, म्हणून सव्वादोन गुणिले सव्वादोन, झाले पाचपटीहून थोडे जास्त. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, त्याला पाचाने गुणा. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात. कागदावरचं गणित आणि बाजारातली डिस्क इतकी जुळतात, हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं.

आता चित्राकडे या. आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. हाय-डेफिनिशन चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागून बघा, बरोबर पाचपट. भाच्याचं "पाचपट भारी" असं दोन्ही बाजूंनी खरं होतं.

बारीक अक्षराला एक किंमत मोजावी लागते. आजीचं पत्र आजोबा चष्मा लावून, अगदी नाकाशी धरून वाचायचे. डिस्कमध्येही तेच झालं. जोरकस भिंगाचा किरण जाड प्लास्टिकमधून गेला आणि डिस्क जराशी वाकडी फिरली, की ठिपका पसरतो. म्हणून मजकूर पृष्ठभागाच्या जवळ आणावा लागला. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. इतक्या पातळ आवरणावर साधा ओरखडाही महागात पडणार. २००३ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या डिस्क म्हणूनच प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवलेल्या असत. पुढे ओरखडे न पडणारा कडक लेप निघाला आणि पेटी गेली.

तोशिबाच्या गटाने दुसरी वाट धरली. लेसर तोच निळा, पण मजकूर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत. ही एचडी डीव्हीडी. भिंगाचा आकडा ०.६५ ठेवावा लागल्यामुळे एका थरात १५ जीबीच बसले (वरचं गणित करून बघा, साधारण तेवढंच येतं). पण डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांत थोडा बदल करून ती छापता येत होती, हा मोठा फायदा होता. मग दोन वर्षं या दोन डिस्कचं भांडण चाललं. २००६ च्या एप्रिलमध्ये तोशिबाचा प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला तो ९९९ डॉलरला. नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे बसवूनच दिली आणि खेळासाठी यंत्र घेणाऱ्यांच्या घरात ती आपोआप शिरली. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं, १५ फेब्रुवारीला वॉलमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने एचडी डीव्हीडी विकणं बंद करायचं ठरवलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली.

या दोन वर्षांत ग्राहक मात्र हात बांधून बसला. चुकीच्या बाजूचा प्लेअर घेतला तर पैसे पाण्यात, हे त्याला कळत होतं. ज्यांनी एचडी डीव्हीडी घेतली त्यांचे गेलेच. पण माझ्या मते ब्लू-रे मागे पडायचं मुख्य कारण हे भांडण नाही. ते कारण आपल्या बैठकीच्या खोलीत होतं.

निरोगी नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक दिसतं. दहा फुटांवरून म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. त्याहून जवळ असलेल्या दोन रेघा दहा फुटांवरून एकच वाटतात. आता २१ इंची जुना जाड टीव्ही घ्या. त्याच्या पडद्याची उंची साधारण ३२ सेंटिमीटर. दहा फुटांवरून त्यात डोळ्याला ३६० च्या आसपास रेघा वेगळ्या कळतात. ३२ इंची सपाट टीव्हीची उंची ४० सेंटिमीटर, त्यात ४५० रेघा. आणि डीव्हीडी आपल्याला देते ५७६ रेघा, म्हणजे ठिपक्यांच्या ५७६ आडव्या ओळी! म्हणजे डोळा जेवढं घेऊ शकतो त्याहून जास्त डीव्हीडीच देत होती. ब्लू-रे १०८० रेघा द्यायची, पण त्या घ्यायच्या कुणी? ५५ इंची टीव्हीची उंची ६८ सेंटिमीटर, तिथे दहा फुटांवरून ७७० रेघा कळतात. तिथे कुठे डीव्हीडी कमी पडायला लागते.

हे मी घरी करून बघितलंय. एकाच सिनेमाची डीव्हीडी आणि ब्लू-रे, बहिणीच्या हॉलमध्ये, ३२ इंची टीव्हीवर. कोणती डिस्क कुठली हे न सांगता दोन्ही लावल्या. सोफ्यावर बसलेल्या पाच जणांपैकी कुणालाही खात्रीने सांगता आलं नाही. मग आईला टीव्हीपासून चार फुटांवर खुर्ची दिली, तर ती लगेच म्हणाली, "हिच्या साडीचे काठ दिसतायत." तीच डिस्क, तोच टीव्ही, फक्त खुर्ची हलली.

व्हिडिओ कॅसेट का गेली ते आठवा. चित्र चांगलं हे एक झालंच. पण त्याहून मोठं म्हणजे कॅसेट मागे गुंडाळायचा ताप गेला. फीत अडकणं गेलं, दर वेळी लावली की झिजणं गेलं, हवं ते गाणं एका बटणावर आलं. आणि हे सगळं घरात असलेल्या जुन्याच टीव्हीवर झालं. डीव्हीडीने चार कटकटी मिटवल्या. ब्लू-रेने कुठलीच कटकट मिटवली नाही, तिने चित्र धारदार केलं, आणि तेही मोठा नवा टीव्ही घेतलात तर. कित्येक डिस्क डीव्हीडीपेक्षा सावकाश सुरू व्हायच्या. शिवाय ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडी चालायची आणि त्यातून बरी दिसायची, कारण यंत्र तिचं चित्र ताणून मोठ्या पडद्याला बसवून द्यायचं. मग असलेल्या डीव्हीडी बदलायच्या कशाला? नव्याने जुन्याला सांभाळून घेतलं, ही गोष्ट ग्राहकाच्या हिताचीच होती, पण त्यामुळे जुन्याला जायची घाई राहिली नाही.

आपल्याकडे तर अजून वेगळं होतं. खोक्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्क व्हीसीडी होत्या. तिच्यावर ३५२ गुणिले २८८ ठिपके, म्हणजे डीव्हीडीचा जवळजवळ चौथा हिस्सा. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आत-बाहेर चित्र मावायचं, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन डिस्क लागायच्या. डिस्क संपली की तेच मध्यंतर, तेवढ्यात कुणीतरी चहा टाकायचं, आणि भारनियमनाच्या दिवसांत चहा होईपर्यंत वीज जायची. अशा बाजारात मोझर बेअर कंपनी उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. वडापावच्या गाडीशेजारच्या पानटपरीवरही त्या टांगलेल्या असायच्या. मी घेतलेली पहिली ब्लू-रे हजार रुपयांच्या घरात पडली होती. एका डिस्कच्या पैशात जवळजवळ तीस सिनेमे! आमचा विचार तिथेच संपायचा.

तेवढ्यात तिसरी वाट तयार होत होती. नेटफ्लिक्स ही तेव्हा पोस्टाने डीव्हीडी घरपोच देणारी अमेरिकी कंपनी होती. तिने जानेवारी २००७ मध्ये इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली, म्हणजे दोन डिस्कचं भांडण ऐन भरात असताना. भारतात ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की डिस्कचं दुकान ही गोष्टच संपत गेली. या वाटेने कटकट मिटवली. दुकानात जाणं नाही, डिस्क बदलणं नाही, ओरखडा नाही. चित्र सुरुवातीला डीव्हीडीपेक्षाही वाईट होतं, तरी लोकांनी ते घेतलं. मोझर बेअरवर २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढायचा आदेश काढला. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटच्या डीव्हीडी पोस्टात टाकल्या.

ब्लू-रे संपली असा याचा अर्थ नाही. २०१६ मध्ये तिची ४के, म्हणजे आणखी बारीक चित्राची आवृत्ती आली, १०० जीबीपर्यंतची. सिनेमावर जीव असलेले लोक आजही ती घेतात आणि त्यांचं चूक नाही. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं मानतं, तर ४के डिस्क सेकंदाला १०० मेगाबिटच्या पुढेही जाऊ शकते. फरक बघायचा तर कंदिलाच्या उजेडातला एखादा प्रसंग लावा. ऑनलाइन आवृत्तीत भिंतीवरचा अंधार पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना दिसतो, कारण जागा वाचवायला बारीक छटा गाळलेल्या असतात. चांगल्या डिस्कवर तोच अंधार सलग उतरतो. आणि घरातली डिस्क कुणी परत मागत नाही. ऑनलाइन सिनेमा करार संपला की यादीतून गुपचूप जातो.

माझी खरी कळकळ इथेच आहे. त्या खोक्यात नाटकांच्या ज्या व्हीसीडी होत्या, त्यांतले काही नट आता नाहीत. त्यातली तीन नाटकं मी ऑनलाइन शोधली, नीट आवृत्ती मिळाली नाही. त्यांची ब्लू-रे मी कुठे पाहिलेली नाही, डीव्हीडीही नाही. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांत चेहरे पुसट आहेत, पण आवाज आहे, टायमिंग आहे, प्रेक्षकांचा हशा आहे. "जुनी डिस्क" म्हणून ती फेकली तर त्या प्रयोगाची आमच्या घरातली एकमेव खूण जाते.

म्हणून भाच्याला म्हटलं, टाकायचं काही नाही, पण आधी वाटणी करू. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खळगे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात, वर धातूचा थर. नीट उभ्या ठेवल्या, उन्हापासून आणि दमटपणापासून जपल्या तर त्या बरीच वर्षं टिकतात. फोटोग्राफरने घरच्या लग्ना-मुंजीची करून दिलेली डीव्हीडी मात्र वेगळी. तिच्यात खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर लेसरने भाजून खुणा केलेल्या असतात. ते रंगद्रव्य काळाबरोबर विटतं. उलटी करून बघितली की रंगावरून बहुधा ओळखू येते, छापलेली चंदेरी आणि अशी जांभळट. जांभळट डिस्क आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या.

पुसायच्या कशा तेही दाखवलं. मऊ, कोरडं सुती कापड घ्यायचं आणि मधून सरळ कडेकडे पुसायचं. गोल गोल नाही. रेघ चकलीसारखी आहे हे लक्षात ठेवलं की कारण कळतं. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकदाच छेदतो आणि तेवढं हरवलेलं यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढतं. गोल ओरखडा एकाच वेढ्याच्या बाजूने पळतो आणि सलग मजकूर घेऊन जातो.

मुंजीची डीव्हीडी आम्ही त्याच दिवशी उतरवायला घेतली. मातृभोजन आलं, भिक्षावळ आली. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कार्यक्रमाचा शेवट कडेला असतो, आणि कडेची बाजू हाताळून खराब झालेली होती. शेवटच्या पंगतीपाशी यंत्र अडखळायला लागलं. भाच्याने डिस्क काढून कापडाने मधून कडेला, मधून कडेला असं सावकाश पुसलं आणि परत घातली. चौथ्या वेळेला पंगत दिसली. त्यात वाढपी म्हणून फिरणारे त्याचे आजोबा होते, हातात जिलबीचं ताट घेऊन.